मोटरला अर्थ नाही

आमच्या धंद्यात ‘अर्थ’ म्हणजे जमिनीत पुरलेली तार. मोटरच्या पायापासून निघते, भिंतीच्या कडेने जाते आणि कोळसा-मीठ भरलेल्या खड्ड्यात उतरते. मोटरच्या पोटात बिघाड होऊन करंट तिच्या लोखंडी अंगावर आला, तर त्याने या तारेने जमिनीत जावं, हात लावणाऱ्या माणसातून जाऊ नये, एवढंच तिचं काम. वायरमन लोकांच्या तोंडी हा शब्द दिवसभर असतो. अर्थ आहे, अर्थ नाही, अर्थ तुटला, अर्थ लागला. तो इंग्रजीतून आलाय हे मला बऱ्याच उशिरा कळलं. मला तो मराठीच वाटायचा. ज्याला अर्थ नाही त्याच्यापायी माणसाचा जीव जातो, हे मला शब्दकोश न बघताही पटण्यासारखं होतं.

हा धंदा मी खोपोलीजवळच्या शिळफाट्यावर भावाच्या दुकानात शिकले. दुकान म्हणजे रस्त्याकडेची पत्र्याची शेड. आम्ही मूळचे पोशीरकडचे. वडिलांनी जन्मभर दुसऱ्यांच्या खाचरात लावणी-कापणी केली. दादा मुंबईला एका वर्कशॉपमध्ये जळालेल्या मोटरी नव्याने गुंडाळायला शिकून आला आणि सत्तरच्या दशकात, कारखाने वाढत होते तेव्हा, त्याने इथे बस्तान मांडलं. शाळा संपल्यावर लग्न ठरेपर्यंत घरी बसून काय करतेस म्हणून त्याने मला तांब्याच्या तारेची वेटोळी गुंडाळायला बसवलं. लग्न काही लवकर ठरलं नाही आणि मला त्याचं फारसं वाईटही वाटलं नाही. हात मात्र बसला. पुढे दादाच्या कंबरेने दगा दिला, तेव्हा कारखान्यात जाऊन मोटर तपासायचं काम माझ्याकडे आलं.

दुकानाच्या भिंतीवर दोन तसबिरी होत्या, एक डोळे मिटलेली आणि एक चष्म्यातली. त्या दिसल्यावर कोण गिऱ्हाईक आत येऊन बसतं आणि कोण बाहेरूनच ‘झाली का मोटर?’ विचारतं, हे आम्हाला सवयीने कळायचं. दादा म्हणायचा, जाऊ दे. मला ‘जाऊ दे’ कधी जमलं नाही. आई म्हणायची, या पोरीच्या नाकावर राग बसलेलाच असतो. असेना. कुठेतरी बसायला जागा लागतेच त्याला.

खोपोलीच्या बाहेर एक बर्फाचा कारखाना होता. घाटाखाली थांबणारे ट्रकवाले, रसवंतीवाले, सोडावाले, मासळी विकणाऱ्या बायका, सगळ्यांचा बर्फ तिथून जायचा. मिठाच्या पाण्याची मोठी टाकी, त्यात बुडवलेले पाण्याचे डबे, आणि ते गोठवणारा कॉम्प्रेसर. हा कॉम्प्रेसर पट्ट्यांवर ओढणारी मोटर आमच्या दुकानाची गिऱ्हाईक. होळीच्या आधी, उन्हाळ्याचा धंदा सुरू व्हायच्या तोंडावर, कारखाना बंद ठेवून सगळं खोलायचे, साफ करायचे, आणि मग मोटर तपासायला मला बोलावणं यायचं.

मशीनवर एक ऑपरेटर होते. खालापूरकडचे, घरची भातशेती असलेले, माझ्या वडिलांच्या वयाचे. मी त्यांना काका म्हणायची, ते मला बाय. बोलायला गोड माणूस. ‘आलीस गं बाय?’ म्हणून हसत पुढे यायचे. पण मी पान्हा मागितला की तो माझ्या हातात द्यायचे नाहीत. माझ्या पुढ्यात जमिनीवर ठेवायचे आणि हात मागे घ्यायचे, मग मी तो उचलायचा. पाणी मागितलं की तांब्या उंच धरून माझ्या ओंजळीत ओतायचे. यात त्यांचा राग नव्हता, द्वेष नव्हता, विचारसुद्धा नव्हता. म्हणूनच मला जास्त चीड यायची. रागाशी भांडता येतं, सवयीशी कसं भांडायचं?

त्यांची आणखी एक सवय होती. मोटर फार तापली का बघायला ते तिला अधूनमधून हात लावायचे, पण नेहमी उलटा. ही आमच्या धंद्यातल्या जुन्या लोकांची रीत. तळहात लावला आणि करंट असला, तर बोटं आवळली जातात, सुटता सुटत नाहीत. उलट्या हाताला झटका बसला की हात आपोआप बाजूला उडतो. रीत चुकीची नव्हती. फक्त अंगावर करंट असलेली मोटर वर्षानुवर्षं चालवायचीच कशाला, हे कुणी विचारत नव्हतं. ती चिमटे काढते हे अख्ख्या कारखान्याला ठाऊक होतं. काका अनवाणी असायचे, फरशी कायम ओली, म्हणून त्यांनी मोटरपाशी एक लाकडी फळी टाकून तिच्यावर गोणपाट घातलं होतं.

‘‘जुनी झाली गं ती,’’ मी विचारलं तेव्हा ते म्हणाले. ‘‘म्हातारा बैल बी लाथ मारतो. म्हनून काय त्याला सोडून द्यायचा? मला तर आता करंट लागत बी नाय.’’

त्या वर्षी मी नेहमीप्रमाणे मेन स्विच पाडला आणि फ्यूजच्या ग्रिपा उपसून घेतल्या. चिनी मातीच्या या पांढऱ्या ग्रिपांमध्ये फ्यूजची तार असते. त्या काढल्या की मोटरकडे जाणारी वाट तुटते. काम संपेपर्यंत ग्रिपा आपल्या अंगावर ठेवायच्या, हा आमच्यातला नियम. आपला हात आत असताना दुसऱ्या कुणी येऊन खटका दाबू नये म्हणून. पुरुष त्या खिशात टाकतात. मला खिसा नव्हता. मी पदराच्या शेवाला गाठ मारून त्या कमरेला खोचायची.

मोटरच्या वायरी सोडवल्या आणि मेगर लावला. मेगर म्हणजे हँडलची पेटी. तिची एक वायर मोटरच्या गुंडाळीला लावायची, दुसरी मोटरच्या अंगाला, तिथला रंग खरवडून, आणि एका लयीत हँडल फिरवायचं. काटा पार वर गेला तर गुंडाळी कोरडी आणि धडधाकट. शून्याकडे पडला तर करंट आतल्या आत गळतोय. माझा काटा शून्याच्या शेजारी लोळत पडला. मला नवल वाटलं नाही, त्या मिठाळ ओलीत माणसांचे सांधे धरतात तर गुंडाळीने काय करावं? मी झाकणं उघडून आत पेटते बल्ब सोडले, वर गोणपाट टाकलं आणि ओल सुकवत बसले. दुपारनंतर काटा चढला, पण मनासारखा चढला नाही. गुंडाळी जुनी होती. चालली असती, पण कधी फसवेल याचा भरवसा नव्हता.

अशा मोटरला अर्थ पक्का पाहिजे. म्हणून मी अर्थची तार धरून निघाले. पायापासून भिंतीपर्यंत तार होती. भिंतीपलीकडे नव्हती. बाहेर जाऊन बघते तर अर्थच्या खड्ड्यावर तुसाचा ढीग रचलेला. भातगिरणीतून आलेलं तूस, बर्फाच्या लाद्यांवर टाकायला ठेवलेलं. आणि तार कुठे? तार फाटकाला. मोडक्या बिजागरीभोवती कुणीतरी ती पिळून घट्ट बांधली होती. काम चांगलं केलं होतं, पीळ एकसारखा होता.

‘‘काका, ही तार कुणी कापली?’’

‘‘मीच की. गेल्या पावसात फाटक पडलं व्हतं, गुरं आत शिरायची. ती तार उगाच मातीत गेली व्हती बग, पुडं कशाला जोडलेलीच नव्हती.’’

कशाला जोडलेलीच नव्हती! ज्या तारेवर आपला जीव टांगलाय ती माणसाने स्वतः पक्कड घेऊन कापली, आणि का, तर ती मातीत जाते म्हणून. मला हसावं की ओरडावं कळेना. मी ओरडले. म्हटलं, काका, ती तार करंटाची वाट होती. तुम्ही ती तोडलीत. आता त्याला एकच वाट उरलीय, तुमच्यातनं.

काकांना ते पटलेलं दिसलं नाही. एका पोरीने भरल्या कारखान्यात आवाज चढवला, तो त्यांना जास्त लागला असावा.

मी तशीच मालकाच्या खोलीत गेले. ‘‘शेठ, तुमच्या मोटरला अर्थ नाही.’’

शेठनी वर पाहिलं. ‘‘अर्थ नाही म्हणजे? तुम्हीच मागे गुंडाळलीत ना ती? आता नवी घ्यायला सांगतेस की काय?’’

मोटरला अर्थ नाही याचा अर्थ त्यांना समजावण्यात थोडा वेळ गेला. नवा खड्डा खणायचा, पत्रा पुरायचा, कोळसा आणि मीठ भरायचं, नवी तार ओढायची, पाणी घालायचं. तोवर कारखाना बंद.

‘‘उन्हाळा डोक्यावर आलाय,’’ शेठ म्हणाले. ‘‘इतकी वर्षं चालली मोटर. कुणी मेलं का?’’

‘‘अजून नाही.’’

‘‘हे बघ बाई, या सगळ्याला काही अर्थ नाही.’’

‘‘तेच तर मी सांगतेय, शेठ.’’

मला वाटलं ते हसतील. हसले नाहीत. म्हणाले, ‘‘तुझं काम तपासायचं. तपासलंस. आता वायरी जोड, ग्रिपा बसव आणि घरी जा.’’

‘‘वायरी जोडते. ग्रिपा बसवणार नाही.’’

वायरी जोडल्या, झाकणं लावली, मेगर पिशवीत टाकला आणि चालू लागले. ग्रिपा पदरातच. फाटकापर्यंत काका मागे आले. मघाचा गोडवा गेला होता.

‘‘ए बाय, ग्रिपा दे हिकडं. मोटर माझ्या ताब्यात हाय.’’

‘‘खड्डा झाला की देते.’’

‘‘तू कोन गं मला शिकवनार?’’

या ‘तू कोण’मध्ये काय काय आहे ते मला लहानपणापासून ऐकून माहीत होतं. ते वयाचं नव्हतं आणि बाईपणाचंही नव्हतं. मी मागे वळले. ‘‘मोटर तपासणारी,’’ म्हटलं, आणि त्यांच्याच तारेने बांधलेलं फाटक ढकलून बाहेर पडले. शिळफाट्यापर्यंत चालत गेले. पावलागणिक ग्रिपा कमरेवर आपटत होत्या. मला भीती वाटत होती. आणि खरं सांगते, भीतीपेक्षा मजा जास्त वाटत होती.

दादाने पदराची गाठ बघितली आणि कपाळाला हात लावला. ‘‘चोरून आणल्यास?’’

‘‘चोरून कशाला? सांगून आणल्या.’’

‘‘पोलिसात देतील तुला.’’

‘‘देऊ देत. तिथेही सांगेन, मोटरला अर्थ नाही.’’

दादा हसू दाबत होता, पण चिंता खरी होती. एका कारखान्यात आमच्याबद्दल वाईट बोललं गेलं की ते खोपोलीभर फिरणार, आणि बोलताना लोक फक्त दुकानाचं नाव घेणार नव्हते. मग तो म्हणाला, ‘‘जो माणूस तुला पान्हा हातात देत नाही, त्याच्यासाठी तू भांडून आलीस?’’

हे मी वाटेत स्वतःलाही विचारलं होतं. म्हणून उत्तर तयार होतं. ‘‘त्यांच्यासाठी नाही भांडले. मी तपासलेल्या मोटरवर माणूस मरणार नाही, एवढंच. आणि दादा, त्यांच्याशी माझं पान्ह्याचं भांडण बाकी आहे. ते मेले तर मी कुणाशी भांडू?’’

 दादाने ग्रिपा पदरातून सोडवून तसबिरींखालच्या फळीवर ठेवल्या.

ग्रिपा नाहीत म्हणून मोटर अडून राहते असं काही नाही, हे मला माहीत होतं. त्या जागी नुसती जाड तार अडकवली तरी ती फिरते. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी त्याच काळजीत होते. हातातली वेटोळी दोनदा चुकली. असं करून मी त्यांचं मरण जवळ तर नाही आणलं, असंही वाटून गेलं.

दुपारी काका दुकानाबाहेर येऊन उभे राहिले. चेहरा उतरलेला, आवाज चढलेला.

‘‘शेठ म्हनला, सरळ तार ठोक नि चालू कर. तार कापून घेतली. फळीवर उबा ऱ्हायलो. हात उचलंना गं! काल तू म्हनालीस ना, वाट आता तुमच्यातनं, तेच कानात. इतकी वर्सं मी त्या मोटरला कदी भ्यालो नाय. भ्या घातलंस तू मला!’’

‘‘बरं केलं मी,’’ मी म्हटलं.

‘‘शेठला सांगितलं, मी तार ठोकनार नाय, तुमी ठोका. त्याचा बी हात उचलंना.’’ एवढं म्हणताना त्यांना किंचित हसू आलं, ते त्यांनी गिळलं. ‘‘आता खड्डा कुटं खनू ते सांग.’’

खड्डा त्यांनीच खणला, तूस बाजूला सारून, जुन्या जागेपासून जरा लांब. कारखान्यात मिठाची पोतीच्या पोती रचलेली होती, आणि आतापर्यंत अर्थच्या खड्ड्याला चिमूटभर मिळालं नव्हतं. मी पोतं फोडायला लावलं. कोळसा, मीठ, पुन्हा कोळसा, वर पाणी. मोटरपासून खड्ड्यापर्यंत नवी तार ओढली. मग मेनमधल्या करंटाच्या वायरीला बल्बचं एक टोक लावलं आणि दुसरं अर्थला. बल्ब लख्ख पेटला, म्हणजे जमीन करंट घेत होती. मी पुन्हा पदराला बांधून आणलेल्या ग्रिपा सोडून बसवल्या, आणि काकांनी खटका दाबला. कॉम्प्रेसरने ठेका धरला. शेठ लांबूनच बघून गेले. पुढच्या वर्षी दुसऱ्याला बोलावू, असं काहीसं पुटपुटल्याचं मला ऐकू आलं.

निघताना मी शेवटचा नट आवळायला पान्हा मागितला. काकांनी तो जमिनीवर ठेवला.

मी उचलला. त्या दिवशी मी थकले होते, म्हणून फक्त उचलला.

त्यानंतर उन्हाळा गेला, पावसाळा गेला. दसरा आला. दसरा आमच्याकडेही मोठा, पण आमचं कारण वेगळं, सोनं लुटण्याचं नव्हे, आम्ही माणसं म्हणून उभे राहिलो त्याचं. मी पांढरी साडी नेसून विहारात निघाले होते. दादा पुढे गेला होता, मी दुकान बंद करत होते. तेवढ्यात सायकलवरून काका आले. नवा सदरा, कपाळाला टिळा, एका मुठीत आपट्याची पानं. दुसऱ्या हातात एक ग्रिप. पांढरी ग्रिप काळीठिक्कर पडली होती आणि आतली तार नावालाही उरली नव्हती.

‘‘मशीनची पूजा केली,’’ ते म्हणाले. धाप लागली होती, नीट बोलता येत नव्हतं. ‘‘हार घातला, नारळ फोडला. शेठ म्हनला चालू कर. केली. नि नमस्कार कराया हात लावला.’’ त्यांनी तळहात पुढे करून दाखवला. त्यावर ओलं कुंकू होतं. ‘‘सरळ हात गं बाय! देवाला कोन उलटा हात लावतं? फाट्कन आवाज झाला. मोटर गप. ग्रिप अशी. नि मला काय? नुसती झिनझिनी.’’

जुन्या गुंडाळीने अखेर दगा दिला होता. पोटातला सगळा करंट अंगावर आला होता, नव्या तारेने जमिनीत धावताना त्याने ग्रिप जाळली होती, आणि त्याच क्षणी ओल्या कुंकवाचा सरळ तळहात मोटरवर होता. तार फाटकाला असती तर ती बोटं आवळली गेली असती. मला समोर उभा असलेला माणूस दिसत होता आणि तरी मी त्यांचा तळहात पुन्हा एकदा बघून घेतला.

‘‘तुजा अर्थ लागला, बाय,’’ काका म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. मग ते नेहमीसारखे वाकले, ती ग्रिप माझ्या पुढ्यात उंबऱ्यावर ठेवायला.

‘‘खाली नको, काका. हातात द्या.’’

ते अर्धवट वाकलेलेच राहिले. मी हात पुढे केला होता. रस्त्यावरून ट्रक जात होते, विहारातली वंदना सुरू व्हायची वेळ झाली होती, आणि मला कसलीही घाई नव्हती. त्यांनी एकदा माझ्या हाताकडे पाहिलं, एकदा आत भिंतीवरच्या तसबिरींकडे. मी हात मागे घेणार नाही हे त्यांना कळलं असावं. ते सरळ उभे राहिले आणि त्यांनी ग्रिप माझ्या हातात ठेवली. त्यांच्या बोटांचं कुंकू माझ्या तळहाताला लागलं.

‘‘उद्या मोटर टेंपोत घालून आणा,’’ मी म्हटलं. ‘‘गुंडाळायला मीच बसणार आहे. आणि खोलताना पान्हे द्यायला तुम्ही थांबायचं.’’

‘‘थांबतो,’’ ते म्हणाले.

‘‘हातात द्यायचे.’’

‘‘व्हय गं,’’ ते म्हणाले, ‘‘हातातच.’’ मग मी दुकानाला कुलूप लावलं.